'लेजिटिमेट'ला मराठीत नक्की काय म्हणायचं? कायदेशीर, वैध, रास्त की आणखी काही?

ओंजळ

मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडकलेय म्हणून हा धागा. शब्द आहे 'लेजिटिमेट'. आपण सगळेच तो वाचतो, बोलताना वापरतोसुद्धा, आणि अर्थ विचारला की पटकन 'कायदेशीर' म्हणून मोकळे होतो. मीही तेच केलं आणि ते चांगलंच अंगाशी आलं.

एका प्रकल्पाच्या अहवालाचं मराठी भाषांतर करत होते. मूळ वाक्य असं होतं की रहिवाशांनी मांडलेली चिंता लेजिटिमेट आहे. मी लिहिलं, 'रहिवाशांची चिंता कायदेशीर आहे.' कामाची घाई होती, शब्दकोशात पहिला अर्थ तोच होता, आणि वाक्य वाचायला काही खटकलं नाही. पुढे तो मसुदा रहिवाशांच्या बैठकीत वाचून दाखवला तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. ते वाक्य आलं आणि एक वयस्क बाई उठून उभ्या राहिल्या, हातातला कागद वर धरून म्हणाल्या, "आम्ही कोर्टात गेलोय असं तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही फक्त विचारलंय की पाणी मुरणार कुठे." सगळ्या हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. अहवाल लिहिणाऱ्यांना म्हणायचं होतं की तुमचं म्हणणं बरोबर आहे, तुमची काळजी समजण्यासारखी आहे, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं की आपल्याला कज्जेदलाल ठरवतायत. एका शब्दाने मैत्रीचा हात झिडकारल्यासारखा झाला, आणि तो शब्द मी निवडलेला होता, म्हणून मला ते लागलंय.

त्याच अहवालात हा शब्द अजून तीनदा येतो. एकदा 'लेजिटिमेट प्रतिनिधी', एकदा 'लेजिटिमेट कारणाशिवाय माहिती देऊ नये', आणि शेवटी 'ही प्रक्रिया लोकांना लेजिटिमेट वाटली पाहिजे'. चारही ठिकाणी 'कायदेशीर' घालून बघितलं, चारही ठिकाणी काहीतरी सांडतंय. जाणकारांनी मदत करा, अगदी मुळापासून सांगितलंत तरी चालेल.

तळटीप

ताई, एवढं अवघड नाहीये हे. 'वैध' लिहा. विधीला धरून ते वैध. 'कायदेशीर'सारखा कोर्टकचेरीचा वासही येत नाही त्याला.

ओंजळ

तळटीप, तेही करून पाहिलं हो. 'रहिवाशांची चिंता वैध आहे.' आता असं वाटतंय की चिंतेची मुदत अजून संपलेली नाही. वैध म्हटलं की मला तिकीट, परवाना, पासवर्ड असलंच काहीतरी डोळ्यापुढे येतं. इंग्रजीत त्याला 'व्हॅलिड' आहे ना?

जुनी_वही

मुळापासून सांगा म्हणालात म्हणून सांगतो, जरा लांबेल.

लॅटिनमध्ये 'लेक्स' म्हणजे कायदा. त्यावरून 'लेजिटिमस' म्हणजे कायद्याला धरून असलेलं, आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचं क्रियापद झालं, 'कायदेशीर ठरवणे'. आता ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण इंग्रजीतला शब्द त्या क्रियापदाच्या धातुसाधितावरून आलाय, म्हणजे त्याच्या पोटातच 'ठरवलेलं' आहे. मुळात तसं असलेलं नाही, कोणीतरी तसं ठरवलेलं, मान्य केलेलं. तुमच्या सगळ्या अडचणीची मुळी मला इथे दिसते.

पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ एकच होता, विवाहातून जन्मलेलं मूल. आपला 'औरस'. (औरस हा 'उरस्' म्हणजे छातीवरून आलाय, स्वतःच्या उरातून जन्मलेला. बघा, आपला शब्द शरीराकडे बोट दाखवतो आणि त्यांचा कायद्याकडे.) सरकार, कारण, प्रश्न, चिंता ह्या गोष्टींना तो शब्द लागायला लागला तो नंतर.

आणि हा नुसता शब्दांचा मामला नव्हता, त्याच्यावर जमिनी आणि सिंहासनं ठरत. चर्चचा कायदा म्हणायचा की आईबापांनी मागाहून लग्न केलं तर आधी झालेलं मूल औरस धरायचं. इंग्लंडच्या सरदारांनी तेराव्या शतकात हे साफ नाकारलं, आमचे कायदे आम्ही बदलणार नाही म्हणाले, आणि तो नकार १९२६ च्या कायद्यापर्यंत टिकला. जवळपास सातशे वर्षं. तेव्हाही पूर्ण दार उघडलं नाही, जन्माच्या वेळी आईबापांपैकी कोणाचं दुसऱ्या कोणाशी लग्न झालेलं असेल तर ते मूल बाहेरच राहिलं, आणि त्यासाठी १९५९ उजाडावं लागलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण पहिल्या एलिझाबेथचं. आठव्या हेन्रीच्या १५३६ च्या कायद्याने मेरी आणि एलिझाबेथ दोघी मुलींना अनौरस ठरवलं. पुढे १५४३-४४ च्या कायद्याने दोघींना वारसांच्या क्रमात परत घेतलं, पण औरसपणा काही परत दिला नाही. म्हणजे कागदावर एक शिक्का 'अनौरस' आणि दुसरा 'गादीची वारस'! आणि हीच एलिझाबेथ १५५८ ते १६०३ राणी होती. कायद्याने दिलेलं आणि लोकांनी मानलेलं ह्या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे ह्याहून जवळून कुठे दिसणार.

कोरा_रकाना

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

माझ्या लहानपणी माझ्यासाठी भरलेल्या एका फॉर्मवर हा शब्द होता. एका कचेरीत, कुठली ते महत्त्वाचं नाही. वडिलांच्या नावाचा रकाना कोरा होता आणि समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, कोणीतरी 'अनौरस' लिहून ठेवलं होतं. मी तेव्हा नववीत होते, आईबरोबर रांगेत उभी होते, आणि मला तो शब्द माहीत नव्हता. घरी येऊन शब्दकोश काढला. त्या दिवसानंतर आई कुठल्याही फॉर्मवर आधी समास बघायची.

म्हणून मला एवढंच सांगायचंय की मुलांच्या बाबतीत हा शब्द आता वापरूच नका, इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. लग्न आईबापांनी करायचं की नाही हा त्यांचा विषय, मूल कसं काय बेकायदा असेल? इंग्लंडच्या कायद्यानेही १९८७ मध्ये हेच तत्त्व घेतलं, नातं बघताना आईबापांचं लग्न झालं होतं की नाही हे बघायचं नाही. भाषांतर करताना जुन्या कागदात हा शब्द आलाच तर 'विवाहाबाहेर जन्मलेलं मूल' लिहा, मूळ माहिती तेवढीच आहे. बाकीचं सगळं वरून चढवलेलं.

जुनी_वही

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मी इतिहास सांगायच्या भरात तो शब्द किती सहज वापरत गेलो ते आता परत वाचताना जाणवलं. यापुढे जुन्या कायद्याचा शब्द आहे असं स्पष्ट सांगूनच वापरेन.

पाटीपेन्सिल

उच्चाराचं पण सांगू का, शाळेत दरवर्षी मुलं ह्यात चुकतात. विशेषण असेल तर शेवटचा भाग आखूड, 'लिजिटिमट'. क्रियापद असेल तर लांब, 'लिजिटिमेट'. तसंच 'सेपरेट', 'मॉडरेट', 'डेलिबरेट' ह्यांचं, लिहायला एकच आणि बोलायला दोन. आपण मराठीत सरसकट 'लेजिटिमेट' म्हणतो ते रुळलंय, त्याला हरकत नाही, पण इंग्रजी बोलताना भान ठेवावं. क्रियापद म्हणून 'लेजिटिमाइज' जास्त चालतं आता. आणि वर्गात मुलांना कळण्यासाठी मी 'लेजिस्लेचर' आणि 'प्रिव्हिलेज' शेजारी लिहिते, तिन्हीत तोच 'लेक्स' बसलाय. 'प्रिव्हिलेज' म्हणजे मुळात एकट्यादुकट्या माणसासाठी केलेला कायदा, हे कळलं की मुलांचे डोळे चमकतात.

काळा_कोट

वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. ओंजळताई, तुमची शंका एकदम बरोबर आहे, आणि गंमत बघा, कायद्याच्या भाषेतच 'लेजिटिमेट' म्हणजे 'कायदेशीर' नाही.

'लेजिटिमेट एक्स्पेक्टेशन' म्हणून एक तत्त्व आहे. १९६९ च्या इंग्लंडमधल्या श्मिट खटल्यात न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी ते मांडलं. परदेशी माणसाला ठरावीक मुदतीपुरतं राहायची परवानगी दिली असेल तर त्या मुदतीत राहू देतील अशी अपेक्षा तो ठेवणारच, आणि मुदतीआधी परवानगी काढून घ्यायची असेल तर त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. पुढे १९८४ चा जीसीएचक्यूचा निकाल आला, गुप्त संदेश ऐकणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्यातल्या कर्मचाऱ्यांना संघटनेत राहायला बंदी केली होती. त्यात न्यायाधीश म्हणाले की सेवाशर्ती बदलताना संघटनांशी बोलायची इतक्या वर्षांची वहिवाट आहे, तेव्हा ह्याही वेळी आपल्याला विचारतील ही कर्मचाऱ्यांची अपेक्षा लेजिटिमेट होती. (राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सरकार तरीही जिंकलं, ते वेगळं.) आता ह्या अपेक्षेला 'कायदेशीर' म्हणता येत नाही, कारण कायद्याने हक्क असता तर अपेक्षा म्हणायची गरजच नव्हती, सरळ हक्क मागितला असता! हक्क नाही, पण समोरच्यानेच शब्द दिलाय किंवा तसं वागत आलाय, म्हणून ती अपेक्षा धरणं चूक नाही. मी अर्ज लिहिताना 'रास्त अपेक्षा' लिहितो.

दुसरं उदाहरण तर तुमच्या तिसऱ्या वाक्याला लागूच पडतं. युरोपची डेटा संरक्षणाची नियमावली, जी २५ मे २०१८ पासून लागू झाली, तिच्या कलम ६ चं शीर्षकच माहितीचा वापर 'लॉफुल' कधी असतो ह्याबद्दल आहे. त्यात सहा आधार दिलेत आणि सहावा आहे 'लेजिटिमेट इंटरेस्ट्स'. दोन्ही शब्दांना 'कायदेशीर' लिहून बघा, वाक्य असं होतं: कायदेशीर हित असेल तर वापर कायदेशीर. गोल फिरून तिथेच! मूळात पायऱ्या आहेत. आधी तुमचं हित वाजवी आहे का ते बघा, मग त्यासाठी ही माहिती खरंच लागते का ते बघा, मग समोरच्या माणसाचे हक्क त्याहून जड भरत नाहीत ना ते बघा, आणि हे सगळं पार पडलं तर वापर कायदेशीर. म्हणजे लेजिटिमेट ही कायदेशीरपणाकडे जाणारी एक पायरी आहे, कायदेशीरपणा नव्हे.

तेव्हा तुमचं तिसरं वाक्य: 'वाजवी कारण असल्याशिवाय माहिती देऊ नये.' 'वाजवी' हा अरबी 'वाजिब'वरून आपल्याकडे आलेला शब्द, कामाला पक्का आहे.

तळटीप

काळा_कोट सर, मान्य. पण मग दुसऱ्या वाक्याचं काय, 'लेजिटिमेट प्रतिनिधी'? तिथे 'वाजवी प्रतिनिधी' कसं म्हणणार. तिथे तरी 'वैध' किंवा 'अधिकृत' बसतंय की नाही?

काळा_कोट

ते प्रतिनिधी कसे आलेत त्यावर आहे. निवडणूक होऊन, नोंद होऊन आले असतील तर 'अधिकृत' ठीक. पण लोक ज्यांना आपलं मानतात, ज्यांच्या शब्दाला किंमत देतात ते, असा अर्थ असेल तर 'अधिकृत' उलट दिशाभूल करेल. अधिकृत माणूस आणि लोकांचा माणूस एकच असतो असं नाही, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं.

रात्रपाळी

मी मेल सर्व्हरचं काम बघतो आणि आमच्याकडे हा शब्द दिवसाला पन्नास वेळा येतो, 'हा मेल लेजिट आहे का', 'ही साईट लेजिट आहे का', 'लेजिट युजरला ब्लॉक करू नका'. इथे कायद्याचा संबंधच नाही. जो म्हणतोय मी अमुक, तो खरंच तोच आहे का, एवढाच प्रश्न. आम्ही मराठीत बोलताना 'खरा मेल आहे, येऊ दे' म्हणतो नाहीतर 'अस्सल'. आणि स्पॅम फिल्टर चुकून चांगला मेल अडवतो तेव्हा सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण खोट्याला शंभर वाटा असतात, तो दुसरीकडून येतोच, पण खऱ्या माणसाला कळतसुद्धा नाही की आपल्याला दारातूनच परत पाठवलंय. परवा एका मुलीच्या नोकरीचं पत्र असं आठ दिवस अडकून होतं, शेवटी तिने फोन केला म्हणून सापडलं. तेव्हापासून मी रोज पहाटे अडकलेल्या मेलची यादी स्वतः डोळ्याखालून घालतो.

हल्ली तरुण मुलं 'मी लेजिट घाबरलो' असंही म्हणतात. म्हणजे खरोखर घाबरलो. शब्दाची केवढी मजल.

विंगेतून

रात्रपाळी, तुमचा हा 'लेजिट' नाटकवाल्यांच्या बोलीतून आलाय! नाटकात रमलेला माणूस आहे त्यामुळे हे सांगताना फार आनंद होतोय.

दुसऱ्या चार्ल्सने १६६० च्या दशकात लंडनमध्ये फक्त दोन नाटक मंडळ्यांना राजाची सनद दिली. पुढे १७३७ चा परवाना कायदा आला आणि नाटकांवर सरकारी तपासणी बसली, आणि संवादांचं गंभीर नाटक करायचं तर सनदवाल्या थिएटरांतच, म्हणजे ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन. बाकीच्यांनी काय करायचं? तर नाच, गाणं, मूकनाट्य. माणसं हुशार, त्यांनी संवादांच्या मधेमधे गाणी घातली आणि म्हणाले हे नाटक नाहीच. १८४३ मध्ये ही मक्तेदारी मोडली. कायदा गेला, पण 'लेजिटिमेट ड्रामा' हा शब्द राहिला, आणि अर्थ बदलून राहिला. आधी 'सनद असलेलं', मग 'खरं, दर्जाचं नाटक', म्हणजे नुसता गाण्याबजावण्याचा खेळ नव्हे. नट मंडळी त्याला बोलताना 'लेजिट' म्हणायला लागली, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तिथून तो सगळीकडे गेला.

मला ह्यात एकच गोष्ट लागते. ज्यांना सनद नव्हती त्यांचं काम कमी दर्जाचं होतं असं अजिबात नाही. पण शब्दाने ती पायरी कायमची पाडली. सनद कागदाची असते, तिचं वजन मात्र मनावर पडतं.

आणि सनदेवरून आठवलं, आपला 'सनदशीर' हा शब्द कोणी कसा काढला नाही अजून? सनदशीर मार्ग, सनदशीर लढा. मान्य पद्धतीने, दंगाधोपा न करता.

ओंजळ

'सनदशीर' किती सुंदर शब्द आहे, खरंच विसरले होते. मार्गाला, लढ्याला, आंदोलनाला तो छानच बसतो. चिंतेला नाही बसणार पण.

मी आज सकाळपासून एक करून बघतेय, जिथे जिथे हा शब्द दिसला तिथे थांबून विचारतेय की हा शब्द इथे आलाच का. आणि एक लक्षात आलं. ज्याच्याबद्दल कोणालाच शंका नाही त्याला कोणी लेजिटिमेट म्हणतच नाही. 'हा लेजिटिमेट प्रश्न आहे' असं आपण कधी म्हणतो? कोणीतरी म्हटलेलं असतं, किंवा म्हणेल अशी भीती असते, की हा प्रश्न विचारायचाच नाही. 'लेजिटिमेट सरकार' म्हणजे त्याच्यावर कोणीतरी दावा सांगतोय. 'लेजिट मेल' कारण खोटे मेल येतायत. म्हणजे हा शब्द नेहमी कोणाच्या तरी न बोललेल्या आक्षेपाला उत्तर देत असतो. मग भाषांतर करताना आधी तो आक्षेप शोधायचा. तो 'हे बेकायदा आहे' असा असेल तर कायदेशीर, 'हे खोटं आहे' असा असेल तर अस्सल, 'हे उगाच आहे' असा असेल तर रास्त किंवा वाजवी, 'तुम्ही कोण सांगणारे' असा असेल तर अधिकाराचा शब्द.

त्या बाईंच्या बाबतीत आक्षेप होता 'लोक उगाच घाबरतायत'. आणि अहवाल म्हणत होता, उगाच नाही. एवढं सोपं होतं ते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

जुनी_वही

फार छान पकडलंत. ह्यालाच जोडून सांगतो. राजकारणात हा शब्द मोठा झाला तोही असाच, आक्षेपातून. नेपोलियन पडल्यावर १८१४-१५ ला व्हिएन्नात सगळे जमले तेव्हा तालेरांने 'लेजिटिमसी' हेच तत्त्व पुढे केलं, की गादी ज्या घराण्याची त्याला परत द्या. जिंकलेल्याची नव्हे, वारशाची. युद्ध हरलेल्या फ्रान्सचा प्रतिनिधी होता तो, आणि ह्या एका शब्दाच्या जोरावर फ्रान्सला त्याने मोठ्या सत्तांच्या पंक्तीत बसवलं. मग शंभर वर्षांनी मॅक्स वेबर ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने प्रश्न उलटा केला. गादी कोणाची हे सोडा, लोक ऐकतात का ते सांगा. त्याने तीन कारणं दिली, परंपरा म्हणून ऐकतात, त्या माणसाच्या तेजामुळे ऐकतात, नाहीतर नियमाने त्या पदावर बसलाय म्हणून ऐकतात. म्हणजे कायदा हे तिघांपैकी एकच कारण झालं. इथे शब्दाने कूस बदलली, वरून दिलेल्या शिक्क्यावरून खालून मिळालेल्या मान्यतेकडे.

राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ह्याला 'अधिमान्यता' म्हणतात. अर्थाला बरोबर आहे, मान्यता हा गाभा त्यात आहे, पण बैठकीत वाचून दाखवला तर कोणाला कळणार नाही.

काळा_कोट

आणि दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्याचं उदाहरण हवं असेल तर कोसोवो. हा तेव्हा युगोस्लाव्हियाचा प्रांत, आणि त्याच्यावरून १९९९ मध्ये नाटोने सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता युगोस्लाव्हियावर बॉम्बहल्ले केले. नंतर एका स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने, रिचर्ड गोल्डस्टोन त्याचे एक अध्यक्ष होते, २००० साली अहवाल दिला की ही कारवाई 'इल्लीगल बट लेजिटिमेट' होती. तुम्हाला निष्कर्ष पटो न पटो, मला स्वतःला तो धोक्याचा वाटतो, कारण उद्या प्रत्येक बलवान देश हेच म्हणेल. पण भाषेच्या दृष्टीने बघा, दोन्ही शब्दांना 'कायदेशीर' लिहिलं तर हे वाक्य मराठीत लिहिताच येत नाही. 'बेकायदा पण समर्थनीय' असं लिहावं लागतं.

उलटं उदाहरण दक्षिण आफ्रिका. १९८३ ची राज्यघटना तिथल्या संसदेने रीतसर मंजूर केलेली, गोऱ्या मतदारांचा कौलही घेतलेला, आणि काळ्या बहुसंख्य जनतेला त्यात जागाच नाही. १९८४ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ५५४ करून ती घटना निरर्थक ठरवली. त्या देशाच्या कायद्याने ती पक्की होती, पण ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची मान्यता नव्हती.

पाटीपेन्सिल

क्रियापदाचं अजून एक राहिलं. 'अशा माणसाला व्यासपीठ दिलंत तर तुम्ही त्याचे विचार लेजिटिमाइज करता' हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. ह्याला कोणीतरी 'वैधता प्रदान करता' असं लिहिलेलं वाचलं आणि जीव कळवळला. अहो, आपल्याकडे 'प्रतिष्ठा मिळते' आहे ना! त्याच्या विचारांना प्रतिष्ठा मिळते. आणि उलट, 'डीलेजिटिमाइज' म्हणजे त्याचा बोलायचा हक्कच नाकारणं.

तळटीप

मी माझा हट्ट सोडतो. 'प्रतिष्ठा' वाचल्यावर वाद घालायला काही उरलं नाही. ओंजळताई, चौथं वाक्य मात्र राहिलंय, 'प्रक्रिया लोकांना लेजिटिमेट वाटली पाहिजे'. ते सगळ्यात अवघड आहे.

ओंजळ

हो, त्याच्यावरच बसलेय कालपासून. 'प्रक्रिया रास्त वाटली पाहिजे' लिहिलं तर अर्धंच येतं. 'अधिमान्य' कोणाला कळणार नाही. 'विश्वासार्ह' चालेल असं वाटलं पण विश्वास वेगळा, इथे अजून काहीतरी आहे.

जुनी_वही

त्या वाक्यामागचा विचार सांगतो, मग शब्द सापडेल कदाचित. टॉम टायलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शिकागोच्या लोकांशी बोलून अभ्यास केला होता, १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणसं कायदा का पाळतात, हा प्रश्न. त्याला असं दिसलं की शिक्षेच्या भीतीपेक्षा, सांगणाऱ्याचा अधिकार मनाला पटलाय का ह्यावर जास्त अवलंबून आहे. आणि तो पटतो कधी, तर निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून नव्हे, आपलं ऐकून घेतलं, सगळ्यांना सारखं वागवलं, मानाने वागवलं म्हणून. तुमच्या अहवालातलं वाक्य ह्याच मुशीतलं दिसतंय.

म्हणजे कसोटी आहे हरलेल्या माणसाची. जिंकलेला काय, तो चांगलंच म्हणणार.

कोरा_रकाना

मी पुन्हा एकदा बोलते. मला वाटतं इथे एक शब्द शोधूच नये. एखादी गोष्ट आपल्या मनासारखी झाली नाही पण भांडावंसं वाटलं नाही, तेव्हा आपण काय म्हणतो? आमच्या घरी आई म्हणायची, 'झालं ते रीतसर झालं.' हरल्यावर म्हणायची ती हे. नाराज असायची, पण त्याच्यापुढे एक शब्द बोलायची नाही.

ओंजळ

ताई, मिळालं. खरंच मिळालं. डोळ्यात पाणी आलं वाचून.

मसुदा दुरुस्त केलाय. शेवटचं वाक्य आता असं आहे: 'निर्णय आपल्या विरोधात गेला तरी, झालं ते रीतसर झालं, असं लोकांना म्हणता आलं पाहिजे.' मूळ वाक्याच्या दुप्पट लांब झालंय, पण तपासणाऱ्या बाईंना मी कारण लिहून कळवलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलंय. प्रतिनिधींच्या जागी 'लोकांनी आपले मानलेले प्रतिनिधी' केलंय, कारण विचारून घेतलं तर तिथे निवडणूक अशी झालेलीच नव्हती. माहितीच्या वाक्यात काळा_कोट यांचं 'वाजवी कारण' जसंच्या तसं.

आणि पहिलं, 'रहिवाशांची काळजी रास्त आहे.' 'चिंता' पण काढून टाकलं. पुढच्या बैठकीत हे वाक्य मी स्वतः वाचणार आहे, त्या बाई पुढच्या रांगेत बसल्या तर त्यांच्याकडे बघून.